चित्रांतील अनावृत देह : कुड्याच्या लेण्यांपासून मुंबईच्या संग्रहालयापर्यंत

आजच्या भाषणाचा विषय थोडा अडचणीचा आहे, आणि नभोवाणीवरून बोलणाऱ्याची अडचण त्यांत आणखी एका अंगानें वाढते. बोलावयाचें चित्रांविषयीं, आणि चित्र तर दाखवितां येत नाहीं. परंतु ही दुसरी अडचण कदाचित् उपकारकच ठरेल. वस्तुसंग्रहालयांत मानवी देहाचें अनावृत चित्र समोर आलें म्हणजे आपल्यापैकीं पुष्कळांचे डोळे त्या चित्रावर न राहतां, आपल्याकडे कोणी पाहत तर नाहीं ना, हें पाहण्यासाठीं आजूबाजूस फिरूं लागतात. आज आपण आपापल्या घरांत बसून ऐकत आहां. तेव्हां तेवढा एक संकोच तरी वाचला.

मी मूळचा म्हसळ्याचा. राजपुरीच्या खाडीचा एक फांटा डोंगरांच्या कुशींत जेथें संपतो, तेथें हें गांव आहे. १९४८ सालीं जंजिरा संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तोंपर्यंत मुरुड व श्रीवर्धन यांच्याबरोबर म्हसळा हा त्या संस्थानाचा भाग होता. आज तो रायगड जिल्ह्यांतील एक तालुका आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझी आत्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं तेथून मुंबईस आली. डोळ्यांवरची पट्टी निघाली, दृष्टि स्वच्छ झाली, तेव्हां हिला आतां पाहण्यासारखें कांहीं दाखवावें म्हणून मी तिला काळ्या घोड्याजवळच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत घेऊन गेलों. मूर्ति, नाणीं, शस्त्रें पाहून आम्ही पाश्चात्य चित्रांच्या दालनांत आलों आणि माझीं पावलें आपोआप जलद पडूं लागलीं. आत्याचीं पडलीं नाहींत. एका अनावृत स्त्रीच्या चित्रापुढें ती थांबली.

“ही कोण रे?”

“चित्रकारानें समोर बसविलेली कोणी बाई असेल, आत्या.”

“नांव लिहिलें नाहीं?”

“चित्रकाराचें लिहिलें आहे.”

आत्यानें चित्राकडे पुन्हा एकदां नीट पाहिलें. “किती वेळ बसविली असेल! पाठ भरून आली असेल बिचारीची,” एवढें म्हणून ती पुढच्या चित्राकडे वळली.

लाज वाटली ती मला. शिकलेला मी, चार पुस्तकें वाचलेला मी, आणि चित्रांतल्या बाईची चौकशी माणूस म्हणून केली ती माझ्या आत्यानें. हा संकोच आपणांत आला कोठून, हें शोधावें अशी इच्छा मला त्या दिवसापासून झाली.

या प्रश्नाचीं दोन तयार उत्तरें आपल्याकडे प्रचलित आहेत. एक असें कीं, नग्नचित्र ही पश्चिमेकडून आलेली वस्तु. आपल्या संस्कृतींत तिला जागा नाहीं. दुसरें याच्या नेमकें उलट : आपण पूर्वीं अगदीं मोकळ्या मनाचे होतों, लाज इंग्रजांनीं आणली. पहिलें उत्तर देणारा गृहस्थ वेरूळ-अजिंठ्याकडे पाठ करून उभा असतो, आणि दुसरें उत्तर देणाऱ्यास आपल्याच गांवच्या वेशीवरचा दगड दिसलेला नसतो. त्या दगडाविषयीं पुढें सांगतों.

आपली भाषा मात्र या बाबतींत आपल्याहून जाणती आहे. उन्हांतून येऊन ओसरीवर सदरा काढून बसलेल्या माणसास आपण ‘उघडा’ म्हणतों; त्यांत निंदा नाहीं. अंगणांत धांवणारें पोर ‘नागडें’. त्यांत कौतुकच अधिक. दिशा हेंच ज्याचें वस्त्र तो ‘दिगंबर’, आणि त्याच्यापुढें आपण हात जोडतों. भर सभेंत द्रौपदीला करूं पाहिलें तें ‘विवस्त्र’. तेथें दोष वस्त्र फेडणाऱ्याचा, हें लहान मुलासही कळतें. आणि ‘नागवणें’ याचा अर्थ तर सरळ लुबाडणें असाच होतो. देह सर्वत्र एकच. शब्द बदलतो तो त्या देहाशीं इतरांनीं कोणता व्यवहार केला त्यावरून. केनेथ क्लार्क या इंग्रज कलापंडितानें १९५६ सालीं एक मोठा ग्रंथ लिहून, निव्वळ उघडा देह निराळा आणि कलेनें घडविलेला अनावृत देह निराळा, असा भेद आपल्या वाचकांस समजावून दिला. आपल्या आजीबाईंस हा भेद ग्रंथावांचून ठाऊक होता.

आतां म्हसळ्याच्या शेजारीं परत येऊं. राजपुरी खाडीच्या उत्तरेकडील फांट्याच्या टोकाला मांदाड आहे, आणि त्याच्याजवळच्या डोंगरांत कुड्याचीं बौद्ध लेणीं आहेत. लेण्यांची संख्या २६. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत ही खाडी व्यापाराची वाट होती. पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकग्रंथांत ‘मंदगोर’ नांवाचें जें बंदर आलें आहे तें हेंच मांदाड, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. येथील शिलालेख पंडित भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनीं १८८१ सालीं वाचून प्रसिद्ध केले. ते वाचतांना मौज वाटते, कारण दान देणारे राजे-महाराजे थोडे आणि आपल्यासारखे संसारी लोकच फार. लोखंडाचा व्यापारी आहे, फुलांचा माळी आहे, वैद्य आहे, एका ब्राह्मणाची पत्नी आहे, भिक्षुणी आहेत.

या लेण्यांपैकीं सहावें लेणें आपल्या विषयाचें आहे. दाराशीं दगडी हत्ती, आंत मोठा मंडप, आणि मंडपाच्या मागील भिंतीच्या दोन्ही टोकांस एकेक स्त्री-पुरुषांचें युगुल, जवळजवळ मनुष्याच्या उंचीचें. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनीं भिंतीवर जीं प्रसिद्ध युगुलें आहेत त्यांच्याशीं यांचें नातें जवळचें आहे. अंगावर दागिने भरपूर, वस्त्र मात्र कमरेखालीं, आणि तेंही इतकें तलम कीं कोरणाऱ्यानें तें रेघांनीं सुचवून सोडलें आहे. कमरेवरचा देह उघडा आहे. त्या उघडेपणांत ना चोरी, ना आव्हान. सण-समारंभास दोघांनीं मिळून यावें तशीं तीं उभीं आहेत.

हें लेणें कोणी दिलें? शिवम नांवाच्या एका लेखकानें. लेखक म्हणजे ग्रंथकार नव्हे. मांदाडच्या महाभोजांच्या पदरीं लिहिण्याचें काम करणारा, आजच्या भाषेंत कारकून. आणि शिलालेख पुढें सांगतो कीं, यांतील ‘शैलरूपकर्म’, म्हणजे दगडांतील रूपें कोरण्याचें काम, ही त्याची पत्नी विजया व तिचे मुलगे यांची देणगी असून खांब त्याच्या मुलींनीं दिले आहेत. त्या रूपकर्मांत हीं युगुलेंही आलींच, असें मानण्यास मला कांहीं हरकत दिसत नाहीं. एका नोकरदार माणसाच्या घरची गृहिणी आपल्या मुलांसह देवधर्माच्या जागेसाठीं पैसा खर्च करते, आणि त्या पैशांतून हे देह दगडांत उभे राहतात. विजयाबाईंस त्यांत संकोच वाटला नाहीं. पुढें सुमारें पांचव्या-सहाव्या शतकांत याच लेण्यांत बुद्धमूर्ति कोरल्या गेल्या. त्या कोरविणाऱ्यांसही शेजारच्या युगुलांची अडचण झाली नाहीं.

एवढ्यावर थांबलों असतों तर दुसऱ्या उत्तराचा विजय झाला असता. पण आतां तो वेशीवरचा दगड. शिलाहारांच्या काळापासून कोंकणांत आणि इतरत्रही दानपत्रांचे जे शिलालेख उभारले जात, त्यांपैकीं पुष्कळांवर वर चंद्र-सूर्य, मध्यें मजकूर आणि खालीं एक आकृति असते. तिला आपण गद्धेगाळ म्हणतों. या दानाचा जो भंग करील त्याच्या आईची काय विटंबना होईल, तें एका गाढवाच्या साह्यानें त्या आकृतींत दाखविलेलें असतें. अधिक वर्णन आपल्या घरांतील लहान-थोरांच्या देखत मी करीत नाहीं. सांगावयाचें तें हें कीं, तोही अनावृत स्त्रीदेहच आहे, तोही आपल्याच लोकांनीं, आपल्याच मातींत, राजाज्ञेच्या आधारासाठीं कोरला. आणि त्याचा सगळा धाक त्या देहाच्या अपमानावर उभा आहे. वाचतां न येणाऱ्यालाही ज्याचा अर्थ कळावा अशी ती शिवी होती. जे लोक ‘आपल्याकडे पूर्वीं लाज नव्हती’ असें म्हणतात त्यांनीं हा दगड पाहावा. लाज नसती तर शिवी लागू झाली नसती.

तेव्हां विजयाबाईंचें युगुल आणि गद्धेगाळ, हीं दोन्हीं आपलींच. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वरही आपणांस परका नाहीं. दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या त्या विराट दिगंबर मूर्तीच्या पायाशीं, ती चामुंडरायानें करविली असें सांगणारी मराठी ओळ कोरलेली आहे, आणि मराठीच्या अतिशय जुन्या लेखांत तिची गणना होते. मराठीचीं इतकीं जुनीं अक्षरें एका अनावृत देहाच्या चरणांशीं लिहिलेलीं सांपडावीं, याचा अर्थ ज्यानें त्यानें लावावा.

आतां आपण एकदम एकोणिसाव्या शतकांत येऊं. १८५७ सालीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईंत चित्रकलेची शाळा निघाली. तीच पुढें सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणून प्रसिद्ध झाली. योगायोग असा कीं, त्याच १८५७ सालीं टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनें मायकेल अँजेलोच्या ‘डेव्हिड’ या पुतळ्याची प्लॅस्टरची प्रतिकृति व्हिक्टोरिया राणीस भेट पाठविली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयांत ती उभी केली, तेव्हां राजघराण्यांतील स्त्रियांस संकोच होऊं नये म्हणून प्लॅस्टरचें एक अंजिराचें पान तयार करून घेण्यांत आलें. राणी किंवा राजकन्या यावयाच्या असल्या म्हणजे दोन आंकड्यांनीं तें पान पुतळ्यावर अडकवावयाचें, त्या गेल्या कीं काढून ठेवावयाचें. तें पान आजही त्या संग्रहालयांत जपून ठेवलें आहे. ज्यांच्याकडून आपण नग्नता घेतली असें म्हणतात, त्यांची ही स्थिति. रॉयल ॲकॅडमीच्या शाळांत स्त्री-विद्यार्थिनींस जिवंत पुरुष-नमुन्यावरून अभ्यास करण्याची मुभा मिळाली ती १८९३ सालीं, आणि तीही नमुना अर्धवस्त्रांत असेल तर.

मुंबईच्या शाळेंतील आरंभीच्या विद्यार्थ्यांस देहाचा अभ्यास घडला तो प्लॅस्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून. थंड, पांढरा, डोळ्यांत बाहुली नसलेला तो देह. परंतु त्याच शाळेला लवकरच दुसरा गुरु मिळाला. जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकरवीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे तरुण कलावंत लेण्यांतल्या अंधारांत बसून त्या सांवळ्या, तलम वस्त्रांतल्या, निःशंक देहांच्या रेषा गिरवीत होते. त्या नकलांपैकीं पुष्कळशा १८८५ सालीं लंडनच्या आगींत जळाल्या, ही हळहळण्यासारखी गोष्ट खरी. पण गिरविणाऱ्यांच्या हातांत जें उतरलें होतें तें जळालें नाहीं.

तरी शाळेबाहेरचा मध्यमवर्ग यासाठीं तयार नव्हता. त्याची रुचि काय होती, हें पाहावयाचें असेल तर राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांकडे पाहावें. १८९४ सालीं मुंबईंत निघालेला आणि पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला त्यांचा छापखाना घराघरांत देवदेवता व पुराणकथा पोंचवीत होता. त्या चित्रांत मेनका आहे, पण तिलाही वस्त्रप्रावरणें आहेत. देहाची ओढ सगळी लुगड्याच्या चुणींत आणि पदराच्या सरकण्यांत सांठविलेली. १८९६ सालीं याच शाळेचे विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनीं ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा घडविला. पूजेला निघालेली नऊवारी नेसलेली मुलगी. लुगडें नखशिखांत आहे, आणि त्याच्या प्रत्येक चुणीखालीं देह तितकाच स्पष्ट आहे. हा पुतळा सर्वांस आवडला, तो कोणास अश्लील वाटला नाहीं. माझें मत विचाराल तर आपल्या त्या पिढीचें संपूर्ण मन या एका पुतळ्यांत आहे : देह पाहावयाचा आहे, पण पाहिला असें म्हणावयाचें नाहीं.

हा पडदा बाजूस सारला तो कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनीं. पहिल्या महायुद्धानंतर ते शाळेचे मुख्य झाले आणि १९१९ सालीं त्यांनीं अनावृत नमुन्यावरून चित्र काढण्याचा वर्ग सुरू केला. त्यापूर्वीं जिवंत नमुना बसविला तरी तो सवस्त्र असे. सॉलोमन यांचें म्हणणें सरळ होतें : भिंतीवर मोठीं चित्रें रंगवावयाचीं तर मनुष्यदेहाची रचना हाताला ठाऊक पाहिजे, आणि कपड्यांवरून ती कळत नाहीं. त्यांच्या विरुद्ध ओरड झाली. विशेषतः कलकत्त्याकडील पुनरुज्जीवनवाद्यांस वाटे कीं, भारतीय कलावंत ध्यानांतून रूप निर्माण करतो, त्यास समोर माणूस बसविण्याचें कारण काय? सॉलोमन यांनीं उत्तरादाखल अजिंठ्याकडे बोट दाखविलें; तेथील स्त्रीचित्रांवर १९२३ सालीं त्यांनीं एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. देह डोळ्यांनीं पाहिल्यावांचून अजिंठा झाला नसता, हें त्यांचें म्हणणें मला पटतें. या वर्गांतून तयार झालेल्या विद्यार्थ्यांनीं पुढें नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती व घुमट रंगविले. रावबहादुर धुरंधर त्या काळीं शाळेंत शिक्षक होते. १८९० सालीं विद्यार्थी म्हणून ते तेथें शिरले आणि १९३१ सालीं निवृत्त झाले. हा सर्व कालखंड त्यांनीं ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या १९४० सालच्या आठवणींत जतन केला आहे.

वर्गाच्या बाजूनें आणि विरुद्ध पुष्कळ बोललें गेलें. परंतु त्या वादांत एक पक्ष जवळजवळ मुकाच राहिला. समोर बसणाऱ्या व्यक्तीचा. मुंबईंत त्या कामास येणारीं माणसें हौसेनें येत नव्हतीं, पोटासाठीं येत होतीं. एकाच बैठकींत, अंग न हलवितां, तासचे तास राहणें हें कष्टाचें काम आहे. हमालाच्या कष्टाहून तें हलकें असेल असें ज्यास वाटतें त्यानें घरीं अर्धा तास एक हात उंच धरून पाहावा. शेंकडों विद्यार्थी त्या देहांवरून शिकले, पदकें मिळविलीं, पोट भरूं लागले. चित्रांखालीं मात्र ‘अभ्यास’ किंवा ‘बसलेली स्त्री’ एवढेंच. पॅरिसमध्यें मानेचें ‘ओलिंपिया’ हें चित्र १८६५ सालीं मांडलें तेव्हां गदारोळ झाला. त्या चित्रासाठीं बसणारी व्हिक्टोरीन म्यूरां ही स्वतः चित्रें काढीत होती आणि तिचीं चित्रें पुढें त्याच सालोंमध्यें लागलीं, हें आज इतिहासाला ठाऊक आहे. मुंबईच्या वर्गांतल्या स्त्रियांविषयीं असा इतिहास कोणी लिहून ठेवला नाहीं. २०१८ सालीं रवि जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट आला, तेव्हां प्रथमच पुष्कळ सुशिक्षित घरांत या स्त्रियांच्या अस्तित्वाची चर्चा झाली; आणि तोही चित्रपट आदल्याच वर्षीं गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांतून सरकारनें वगळला होता.

आतां ज्या संग्रहालयांत आत्या थांबली होती, त्याच्याविषयीं दोन शब्द. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं बसली, इमारत १९१४ सालीं पुरी झाली, आणि युद्ध सुरू झाल्यामुळें तेथें प्रथम लष्करी रुग्णालय उघडलें. म्हणजे त्या भिंतींनीं पाहिलेले पहिले उघडे देह जखमी शिपायांचे होते. संग्रहालय म्हणून तें लोकांस खुलें झालें १० जानेवारी १९२२ रोजीं. पाश्चात्य चित्रांचें दालन मुख्यतः सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून उभें राहिलें. पहिल्याचा संग्रह १९२२ सालीं आला, दुसऱ्याचा १९३३ सालीं. धनिकांच्या दिवाणखान्यासाठीं घेतलेलीं हीं चित्रें. त्यांतलीं सगळींच मला आवडतात असें नाहीं. दिवाणखान्यांतल्या नग्नचित्रांत देहाबरोबर मखमलीचा आणि सोनेरी चौकटीचाही दिमाख असतो, आणि पाहणाऱ्याची मर्जी संपादण्याची एक ओशाळी धडपड कधीं कधीं दिसते. परंतु खासगी दिवाणखान्यांतून तीं चित्रें सार्वजनिक भिंतीवर आलीं, यांत एक मोठी गोष्ट घडली. पूर्वीं जें दहा मित्रांस दिसे, तें तिकीट काढून म्हसळ्याच्या आत्यालाही दिसूं लागलें, आणि तिला त्याच्याविषयीं मत देण्याचा अधिकार मिळाला.

या दिवाणखानी परंपरेस खरें उत्तर दिलें अमृता शेरगिल यांनीं. पॅरिसमध्यें शिकत असतां त्यांनीं १९३३ सालीं काढलेलें ‘व्यावसायिक नमुना’ या अर्थाच्या नांवाचें एक चित्र आहे. त्यांतली स्त्री व्हीनस नाहीं. थकलेली, ओघळलेली, कामावरून उठून केव्हां घरीं जातें असें झालेली बाई आहे. आत्यानें जें एका वाक्यांत म्हटलें तें शेरगिलांनीं रंगांत म्हटलें. मुंबईनें मात्र त्यांना १९३७ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक दिलें तें तीन मुलींच्या पूर्ण सवस्त्र चित्राबद्दल. तें चित्रही थोर आहे, हें सांगावयास नकोच.

स्वातंत्र्य आलें त्या १९४७ सालीं मुंबईंत प्रागतिक कलावंतांचा संघ स्थापन झाला. त्यांतले फ्रान्सिस न्यूटन सूझा हे गोव्यांतील सालगांवचे. त्यांचीं नग्नचित्रें गोंडस नव्हतीं. देह त्यांनीं जणूं करवतीनें कापून काढला. १९४९ सालीं मुंबईंतील प्रदर्शनांतून त्यांच्या कृति अश्लील म्हणून काढावयास लावल्या गेल्या, आणि त्याच वर्षीं ते लंडनला निघून गेले. १९५४ सालीं पाळी आली अकबर पदमसी यांच्यावर. पंचविशी नुकतीच ओलांडलेला हा तरुण पॅरिसहून परतला होता. १९५२ सालीं उघडलेल्या जहांगीर कलादालनांत, म्हणजे संग्रहालयाच्या अगदीं शेजारींच, त्यानें आपलें प्रदर्शन मांडलें. त्यांत ‘लव्हर्स’ या नांवाचीं दोन चित्रें होतीं : एक स्त्री, एक पुरुष, दोघेही अनावृत, शेजारीं शेजारीं. पोलिसांनीं तीं उतरविण्यास सांगितलें. पदमसी यांनीं नकार दिला आणि दंडविधानाच्या २९२ व्या कलमाखालीं त्यांच्यावर खटला झाला.

हें कलम श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें, कारण त्यांत एक मजेदार अपवाद होता. देवळांत कोरलेल्या वा रंगविलेल्या आकृति, देवाचा रथ, किंवा धार्मिक कार्यासाठीं ठेवलेली वस्तु, यांस तें लागू नव्हतें. म्हणजे कुड्याच्या लेण्यांतील स्त्री-पुरुषांस कायद्याचें अभय होतें, आणि काळ्या घोड्यावरच्या स्त्री-पुरुषांस नव्हतें. दोन्हीं युगुलांत फरक काय? एक दगडाचें, दुसरें रंगाचें. एक जुनें, दुसरें नवें. एकामागें विजयाबाईंची श्रद्धा, दुसऱ्यामागें एका तरुणाची कला. न्यायालयानें पदमसी यांस निर्दोष सोडलें; सरकारनें वरच्या न्यायालयांत दाद मागितली, तेथेंही निकाल फिरला नाहीं. कलेसाठीं केलेल्या कृतींचा स्पष्ट अपवाद कायद्यांत आला तो १९६९ च्या दुरुस्तीनें, म्हणजे या खटल्यानंतर १५ वर्षांनीं.

प्रकरण येथें मिटलें असें वाटेल, मिटलें नाहीं. पंढरपुरांत जन्मलेल्या हुसेन यांच्यावर देवतांच्या अनावृत चित्रांमुळें १९९६ पासून तक्रारींचा वर्षाव झाला. २००८ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें त्यांच्यावरील एका चित्राचे खटले रद्द केले, पण ते २००६ सालींच देश सोडून गेले होते आणि २०११ सालीं लंडनमध्यें वारले. देवतेचें चित्र असतां प्रश्न निराळा होतो, हें मी मान्य करतों. भक्ताची आई आणि चित्रकाराची आकृति एकाच कागदावर आल्या म्हणजे भांडण केवळ कायद्यानें सुटत नाहीं. परंतु ज्यांत देवता नाहीं, केवळ मनुष्य आहे, तेथेंही संशय गेलेला नाहीं. परदेशांतील लिलांवांत विकत घेऊन आणलेल्या सूझा व पदमसी यांच्या सात कलाकृति मुंबईच्या कस्टम्स खात्यानें अश्लील ठरवून जप्त केल्या. मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें तो हुकूम रद्द केला आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतें, हें पुन्हा एकदां सांगितलें. ७० वर्षांच्या अंतरानें, तेच चित्रकार, तेंच शहर, तोच प्रश्न. त्याच वर्षाच्या जुलैपासून जुनें दंडविधान जाऊन नवी न्यायसंहिता आली; कलमाचा क्रमांक बदलून २९४ झाला आहे.

मला यांत खेद वाटतो तो एवढाच कीं, या सर्व खटल्यांत न्यायाधीश बोलले, चित्रकार बोलले, तज्ज्ञ बोलले, पोलिसही बोलले. चित्रांतल्या बाईचें कोणी कांहीं विचारलें नाहीं. तिला पुरेसें वेतन मिळालें का, तिच्या घरीं हें काम ठाऊक होतें का, ठाऊक झाल्यावर तिचें काय झालें? अश्लीलता शोधावयाचीच असेल तर ती रेषेंत शोधण्यापूर्वीं या व्यवहारांत शोधली पाहिजे, असें माझें मत आहे. तें सर्वांस पटावें असा आग्रह नाहीं.

कुड्याचीं लेणीं पाहावयाचीं असल्यास पावसाळा संपल्यावर जावें; तेव्हां खाडी भरलेली आणि डोंगर हिरवा असतो. सहाव्या लेण्यांत शिरल्यावर प्रथम अंधार वाटतो. क्षणभर थांबावें, म्हणजे मागील भिंतीवर तीं दोघें दिसूं लागतात. मी गेल्या वेळीं आत्यालाही नेलें होतें. तिनें त्या दगडी बाईकडे बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, “हिचें तरी नांव आहे का?” मी म्हणालों, “हिचें नाहीं. जिनें हिला करविलें तिचें आहे. विजया.” आत्यानें हात जोडले. कोणाला, तें मी विचारलें नाहीं.